सुजाताताईंची गर्दी

सुजाताताई वाघमारे माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी पाय, मग कंबर, मग खांदे, आणि एवढं सगळं मनासारखं बघून झालं की चेहरा, तोही उपचार म्हणून. मी कामावर रुजू झाले त्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले, तर त्या माझ्या चपलांकडे बघत म्हणाल्या, "परत जा. दारापासून ये."

मला वाटलं, न विचारता आत आले म्हणून रागावल्या. असल्या स्वागताची मला सवय आहे, आमच्याकडे दुकानदारही यापेक्षा प्रेमानं बोलत नाहीत. मी मुकाट्यानं दारापर्यंत गेले आणि परत आले.

"पुण्याची हैस ना?"

"हो. कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? समोरच्यानंच बाजूला व्हावं म्हणून चालायलीस."

त्या दिवसापासून मी 'पुणे' झाले. "ए पुणे, चहा घेतीस का?" "पुण्याला विचारा, तारीख कधीची दिली." माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला आजही खात्री नाही.

आमची कंपनी हैदराबादेत, कुकटपल्लीला, फरशीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. आम्ही व्हिडिओ गेम बनवायचो. त्या वर्षी एका तेलुगू सिनेमातल्या सुपरहीरोचा गेम आमच्याकडे आला. करार अजून चालू आहे, म्हणून नाव सांगत नाही. निळा मुखवटा, पाठीवर झूल, आणि इमारतींवरून उड्या, एवढं पुरे. सिनेमाच्या नावावर निघणारा गेम म्हणजे लग्नातल्या आहेराचा स्टीलचा डबा. देणाऱ्यानं द्यायचा म्हणून द्यायचा आणि घेणाऱ्यानं माळ्यावर टाकायचा. सिनेमा लागायच्या आत तो दुकानात आला पाहिजे, बाकी कुणाची काही अपेक्षा नसते. मी प्रोजेक्ट सांभाळणारी. माझीही नव्हती.

सुजाताताई ॲनिमेशनच्या प्रमुख. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, सुती साडी आणि पायात पळायचे बूट. मूळ घर नांदेडकडचं. वडील रेल्वेच्या नोकरीनं हैदराबादला आले आणि चिक्कडपल्लीत राहिले. ताईंच्या बोलण्यात मराठवाडा, दखनी आणि तेलुगू एका ताटात नांदायचे. चिडल्या की मात्र निव्वळ नांदेड. आणि त्या चिडायच्या भरपूर. आमच्या धंद्यात गर्दी बनवायची पद्धत सोपी आहे: एक माणूस चालता करायचा, त्याला वेगवेगळे शर्ट घालायचे आणि शहरात सोडून द्यायचा. खेळणारा वर उडत असतो, त्याला खालच्यांशी काय देणंघेणं? ताईंनी ही पद्धत पहिल्याच बैठकीत उडवून लावली.

"हा हीरो कुणाला वाचवायलाय?" त्यांनी विचारलं.

"शहराला," मी म्हटलं.

"मग शहर दिसलं पाहिजे का नक्को? एकाच माणसाला शंभर शर्ट घालून वाचवायलाय का तो?"

मग त्यांनी माणसं गोळा करायला सुरुवात केली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या रिक्षा करून कोठीच्या बाजारात जायच्या, पुस्तकांच्या दुकानांजवळच्या एका पायरीवर बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघायच्या. कागद नाही, कॅमेरा नाही. परत आल्या की ऑफिसच्या लांबलचक पॅसेजमध्ये ती ती माणसं चालून दाखवायच्या. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट घेऊन चाललेली बाई. नवे बूट चावणारा नवरदेव. भांडण जिंकून आलेला पण आता पस्तावणारा एक जाडा गृहस्थ. त्या बारीक बाईत जाडा गृहस्थ कुठून यायचा कोण जाणे, पण तो येताना बघून आमची मुलं भिंतीला चिकटून वाट द्यायची. आम्ही हसायचो, पण त्यांचं चालणं संपून त्या पुन्हा ताई व्हायला क्षणभर वेळ लागायचा. त्या क्षणात त्यांच्याशी बोललं तर त्या ओळख दाखवत नसत, म्हणून आम्ही बोलत नसू.

असंच एकदा भर दुपारी, पॅसेजमध्ये लख्ख ऊन आलेलं असताना, मी तिथंच डबा खात बसले होते, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "पुणे, तुझा बाप कसा चालायचा दाखवू का?"

"तुम्ही त्यांना कधी बघितलंय?" मी म्हटलं. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले.

"तुला बघितलं ना. चाल कुणाची एकट्याची नसती गं. तुझ्यातून तुझं वजा करत जायचं. पुणं काढायचं, नोकरी काढायची, बाईपण काढायचं. खाली उरतं ते आईबापाचं."

मी हसून मान डोलावली. त्या जिन्यापर्यंत गेल्या, वळल्या आणि चालत आल्या. उजवी मूठ अर्धवट मिटलेली, त्या मुठीत काहीतरी धरून ते हलवत. पाठ ताठ, आणि दर थोड्या पावलांनी मान किंचित मागे, मूल येतंय ना हे बघण्यापुरती. माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"तुझ्या डाव्या अंगाला तू अजून जागा सोडून चालतीस," ताई म्हणाल्या. "तिकडं कुणाच्या तरी हातात काही असायचं आणि ते तुला लागायचं. ते काय होतं ते मात्र मला म्हाईत नाही. काठी होती का?"

"छत्री," मी म्हटलं. बाराही महिने त्यांच्या हातात छत्री असायची. हे मी हैदराबादमध्ये कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. त्या दिवशी मी डबा तसाच बंद केला आणि संध्याकाळी घरी जाताना माझ्या डावीकडची ती रिकामी जागा मला सारखी जाणवत राहिली.

ताईंचे स्वतःचे वडील हरवलेले होते, हे मला त्यानंतर कळलं. त्यांनीच सांगितलं, कोठीच्या त्या पायरीवर बसून, मिरचीभजी खाता खाता. मुलं त्यांना दादा म्हणायची. म्हातारपणी दादांना विसरायला व्हायला लागलं. ताई त्यांना कोठीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन आल्या होत्या. औषधं घ्यायला दुकानाकडे वळल्या, पैसे दिले, मागे बघितलं, तर दादा नाहीत. त्याला आता दोन पावसाळे होत आले होते.

"पोलिसांत दिलं, पोस्टरं लावली," त्या म्हणाल्या. "पण पोस्टरवर काय हाय? दाढी केलेला, कोट घातलेला, खुर्चीत बसलेला माणूस. आता दाढी वाढली असंल, कोट गेला असंल. आणि बसलेल्याचा फोटो बघून चालणारा माणूस कसा सापडंल?"

"मग व्हिडिओ?"

ताई हसल्या. "कॅमेरा काढला की दादा बसायचे. फोटो म्हणजे बसूनच काढायचा, नीट बटणं लावून. मी जगाच्या चाली जमवल्या बघ पुणे, आणि माझ्या बापाची एक चाल माझ्याजवळ नाही."

म्हणून त्या ती करायला बसल्या होत्या. स्वतःची चाल घ्यायची, धाकटा भाऊ मिलिंद, त्याची घ्यायची. दोघांतलं दोघांचं आपापलं काढून टाकायचं आणि उरेल ते जुळवायचं. चिक्कडपल्लीच्या गच्चीवर त्यांनी त्या बिचाऱ्या मिलिंदला इतकं चालवलं, की खालच्या भाडेकरूंनी तक्रार केली. आणि तयार झालेला म्हातारा त्यांनी सुपरहीरोच्या शहरात सोडला. त्यांचा हिशोब सरळ होता. सिनेमाचं नाव मोठं, गेम घरोघर जाणार. कुणीतरी पडद्यावर ती चाल बघेल, आणि मग कधीतरी रस्त्यात तसा चालणारा माणूस दिसला की ओळखेल. पोस्टर चार भिंतींवर लागतं, हे पोस्टर चालतं-फिरतं होतं. मला ते वेड वाटलं खरं. त्यांच्या जागी मी असते तर भिंतींवर डोकं आपटण्यापलीकडे मला काही सुचलं नसतं.

गर्दीतल्या प्रत्येक माणसाला ताईंनी एक घर दिलं होतं. संध्याकाळ झाली की तो त्या घरी जायचा. म्हाताऱ्याला मात्र घर दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "दादांना घर आठवत नाही. मग मी त्याला पत्ता कसा देऊ?" त्यामुळे तो थांबायचाच नाही. सगळ्या शहरातून फिरत राहायचा. आमच्या टेस्टिंगच्या मुलांना तो कुठंही भेटायचा, पुलाखाली, बाजारात, भर मारामारीच्या चौकात. सगळे पळत असताना हा आपल्या गतीनं चाललेला. एक मुलगी तर म्हणाली, "मॅडम, ते आपल्याकडं बघत नाहीत, तरी ते आपल्यालाच शोधतायत असं वाटतं." तिनं खुर्ची बदलून मागितली, खिडकीजवळची.

सिनेमा कंपनीकडून मुंबईचे पाठक म्हणून गृहस्थ आले. कडक इस्त्री, गोड बोलणं. म्हातारा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सुपरहीरोच्या गेममध्ये म्हातारे कशाला? मुलं घाबरतील. हा काढा."

म्हातारा गेला तर दादांना शोधायचा शेवटचा मार्ग गेला, हे त्या खोलीत त्यांना आणि मला दोघींनाच माहीत होतं. पण त्यांनी हात जोडले नाहीत. खेळायचा रिमोट पाठकांच्या हातात दिला. "आधी खेळा तर खरं."

पाठक उडाले, दोन गुंड बडवले, आणि मग त्यांना खाली रस्त्यावर तो पाठमोरा म्हातारा दिसला. त्यांनी हीरोला खाली उतरवला. म्हातारा चालत होता, त्याच्या मागून आमचा निळा मुखवटावाला, झूल सावरत, हळूहळू. गल्लीमागून गल्ली गेली. वर खलनायक शहर पेटवत होता, तिकडे पाठकांचं लक्षच नव्हतं. शेवटी त्यांनी रिमोट ठेवला, जिन्यात गेले, आणि घरी फोन लावून "बाबा जेवले का?" असं विचारताना मी त्यांना ऐकलं. म्हातारा काढायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

सिनेमा आला आणि पडला. गेम मात्र चालला. समीक्षक सुऱ्या परजून बसले होते, त्यांनी त्या गुपचूप म्यानात घातल्या. सिनेमावरून काढलेला गेम इतका चांगला कसा, हेच जो तो लिहीत होता. लोक उडायचं सोडून खाली उतरायचे आणि गर्दीतून नुसते चालायचे. आमच्या मालकांनी पेढे वाटले. आणि मग पत्रं यायला लागली, ईमेलवर, रोज. सगळ्यांचा एकच प्रश्न: तो म्हातारा कोण?

गुंटूरहून एकानं लिहिलं, हे माझे वडील आहेत, ते वारले, तुम्हाला ते कुठं सापडले? कोल्हापूरच्या एका बाईनं लिहिलं, माझे सासरे. नागपूरहून, विजयवाड्याहून, दुबईहूनसुद्धा. सुरुवातीला ताईंनी एकेकाला फोन केले, श्वास रोखून. प्रत्येकाचा म्हातारा एक तर देवाघरी गेलेला, नाही तर आपल्या घरी अंथरुणावर सुखरूप. दादा कुणाच्याच पत्रात नव्हते. हळूहळू ताईंनी फोन करणं सोडलं.

"चुकलं माझं," एकदा त्या म्हणाल्या. "लई वजा केलं. इतकं काढलं की खाली सगळ्यांचाच बाप उरला. माझा ऱ्हायलाच नाही त्यात."

मी त्यांना अशा खचलेल्या पहिल्यांदाच बघत होते. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, तो मी ठेवला. त्यांनी झटकला नाही, यावरूनच काय ते समजा.

आणि एक फोन आला तो आमच्या जवळूनच, कुकटपल्लीच्या बाजारातल्या औषधाच्या दुकानातून. बाईंचं नाव अरुणा. त्यांचे यजमान हा गेम खेळत, तेव्हा त्यांनी पडद्यावर म्हातारा बघितला होता. "मॅडम, असा माणूस आमच्या दुकानावरून जातो. रोज दुपारी. फोटो नाही हो, खरा. जिवंत."

आम्ही दोघी गेलो. दुपारची वेळ, दुकानं अर्धी मिटलेली. ताई माझ्या पुढे उभ्या होत्या, आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून तो आला.

मी ती चाल महिनोन् महिने पडद्यावर बघितली होती. प्रत्येक पाऊल मला पाठ होतं, आणि प्रत्येक पाऊल जसंच्या तसं पडत होतं. कोपऱ्यावर आल्यावर तो वळायच्या आधी अर्धा क्षण थांबला. उजवं पाऊल उचललं, परत त्याच जागी ठेवलं, आणि मग वळला. गेममध्ये म्हातारा अगदी असाच वळतो. मी ताईंचा दंड धरला. "ताई, दादाच!"

"नाही."

"अहो, चेहरा तरी दिसू दे!"

ताईंची नजर त्याच्या पायांवरून हलेना. "ते वळताना पाऊल परत ठेवायलेत ना, ते दादांचं नाही गं. ते माझं हाय. सरळ चाल आणि वळण, दोन्हीचा सांधा बसेना, म्हणून मी मधी एक खोटं पाऊल घातलं. थिगळ हाय ते. जगात कुणीबी असं वळत नाही."

तो पुढच्या कोपऱ्यापाशी आला. थांबला. पाऊल उचललं, तिथंच ठेवलं, वळला. आता तो आमच्या समोर होता. रुंद कपाळ, चपटं नाक. पोस्टरवरच्या दादांशी त्या चेहऱ्याचं काडीचंही साम्य नव्हतं. तो ताईंच्या समोर येऊन उभा राहिला आणि तिथून हलेना.

"घर कुठं हाय तुमचं?" ताईंनी विचारलं.

"हौ," तो म्हणाला, म्हणजे 'हो'.

"नांदेड?"

"हौ."

"गुंटूर?"

"हौ."

"नाव काय?"

"हौ," म्हणत त्यानं ताईंच्या पदराचं टोक चिमटीत धरलं. अरुणाबाई म्हणाल्या, गेम बाजारात यायच्या आधी त्यांनी या माणसाला कधीच बघितलं नव्हतं.

ताईंनी पोलिसांत रीतसर नोंद केली. त्याला मागायला कुणी आलं नाही. मग त्यांनी त्याला चिक्कडपल्लीला आपल्या घरी नेलं, आणि ऑफिसला येणं थांबवलं. राजीनामा मेलवर आला, दोन ओळींचा.

काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. भिंतीवर दादांचा फोटो, कोटातला, बसलेला. त्याखाली खुर्चीत हा माणूस, दादांचा सदरा घालून. मिलिंद माझ्यासाठी खुर्ची ओढत खुशीत म्हणाला, "चेहरा लई बदलला बघा मॅडम, हाल झाले ना रस्त्यावर. पण चाल तीच. वळताना पाऊल परत ठेवायचे ना, ती सवय तर मी बारका होतो तवापासून बघतोय."

मी ताईंकडे बघितलं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले.

"ते पाऊल तुमचं आहे, हे मिलिंदला सांगितलं नाही का तुम्ही?"

"सांगितलं. तो म्हनतो, तायडे, तूच विसरलीस, दादा असेच वळायचे." ताईंनी गॅस बारीक केला. "मला त्याचं काही नाही पुणे. ह्या माणसाला बी मी सोडणार नाही, कुठं जाईल तो? पण आता मलाबी तसंच आठवायलंय. आधी दादा सरळ वळायचे. रोज थोडं थोडं करून ते थांबायलेत. माझ्या डोक्यात जे खरे दादा होते, तेवढेच उरले होते. ते बी गेले, तर बाहेर ते जिथं कुठं चालत असतील, त्यांना ओळखणारं कुणीच ऱ्हाणार नाही."

चहा उतू गेला, तो आम्ही दोघींनी पुसला. मला त्यांना धीर द्यायचा होता, पण खोटं बोलणं त्यांच्यापुढे कधीच जमायचं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. कोठीला ऑटोतून चालले होते, दुपारची वेळ, गाड्या तुंबलेल्या. पुस्तकांच्या दुकानांजवळच्या पायरीवर ताई बसल्या होत्या, शेजारी तो. दोघंही खाली मान घालून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत होते. मी हाक मारणार, तेवढ्यात समोरून एक दाढीवाला म्हातारा गेला, मळकट कपड्यांतला, अनवाणी. तो कोपऱ्यापाशी आला आणि न थांबता सरळ वळला. ताई ताडकन उठल्या. दोन पावलं त्याच्या मागे गेल्या. त्यांचा हातही पुढे झाला होता.

मग त्या थांबल्या आणि मागे वळून त्यांनी पायरीवर बसलेल्या माणसाकडे बघितलं. त्यानं त्या जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या पायांकडे नीट निरखून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"ताई!" मी ओरडले, पण हॉर्नच्या गोंगाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. दाढीवाला गर्दीत दिसेनासा झाला. ताई परत येऊन बसल्या आणि बाटलीचं झाकण उघडून त्यांनी शेजारच्याला पाणी दिलं.